भांडणाची वर्गणी

नागपूरच्या विमानतळाबाहेर मी पाटी धरून उभा होतो आणि पाटीवर दोन नावं होती. आधी बाई आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, पांढरे केस मुलग्यासारखे कापलेले, पिशवी स्वतःच्याच पाठीवर. थोड्या वेळानं दुसऱ्या विमानातून उतरलेले बाबा आले. उंच, लालबुंद तोंडाचे, टोपीवर तीन पानांची हिरवी डहाळी शिवलेली (ती आयर्लंडची खूण, हे मला नंतर कळलं). दोघांनी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली. हातात हात नाही की काही नाही. मग गाडीपाशी आलो तर दोघांनी एकाच वेळी पुढच्या दाराला हात घातला.

"मागं बसले की मला मळमळतं," बाई म्हणाल्या.

"माझे गुडघे मागं मावत नाहीत," बाबा म्हणाले.

मी मध्ये पाटी घेऊन उभा. शेवटी बाई पुढं बसल्या आणि बाबा मागं आडवे पसरले. मालकानं निघताना एवढंच बजावलं होतं, "सदा, पाहुणे परदेशातले आहेत, तक्रार येता कामा नये." पाहुण्यांची एकमेकांबद्दलच तक्रार असेल तर काय करायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं.

गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं काही लिही, असा गुरुजींचा निरोप आला म्हणून हे लिहितोय. तुम्हा मंडळींना माहीतच आहे, आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी लिहिलेलं म्हणजे गाडीचं लॉगबुक. शुद्धलेखन गुरुजी बघतील. गोव्यात हॉटेलच्या गाडीवर होतो तेव्हा कानानं इंग्रजी शिकलो, त्याच जोरावर इकडं विदर्भात एवढ्या लांब नोकरी मिळाली. त्या इंग्रजीचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण या खेपेला ते समजत नसतं तर बरं, असं दोन-तीनदा वाटलं.

बाईंचं नाव मॉरा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या बेलफास्ट शहरातल्या. बाबांचं नाव फ्रँक, अमेरिकेत बॉस्टनला जन्मलेले आणि वाढलेले. दोघं सख्खी मावसभावंडं. त्यांच्या आयांची तिसरी बहीण, म्हणजे दोघांची मावशी, नर्स होती आणि ख्रिस्ती जोगीण (नन) झालेली, ती तरुणपणी भारतात आली आणि आर्णीच्या पुढं एका बंजारा तांड्यावर (वस्तीवर) दवाखाना चालवत म्हातारी झाली. तिथंच ती वारली. आम्ही तिच्या थडग्याला निघालो होतो.

बुटीबोरीच्या पुढं रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागले. मॉराबाईंनी संत्री घेतली, सोलली, अर्धी मला भरवल्यासारखी हातात दिली. मागं बघितलंसुद्धा नाही. मग फ्रँकबाबांनी गाडी थांबवायला लावून स्वतःची वेगळी संत्री घेतली आणि त्यांनीही मला अर्धी दिली. कळंब येईपर्यंत माझं पोट संत्र्यांनीच भरलं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीला शेंगा लटकलेल्या. आपल्या कोकणात जिथं बघावं तिथं डोंगर नाहीतर पाणी आडवं येतं. इथं नजर सोडली की ती चालतच राहते, परत येत नाही. पहिल्यांदा मला याची भीती वाटली होती. आता बरं वाटतं.

कळंबला गणपती आहे, जमिनीच्या पोटात खाली उतरून जावं लागतं. मॉराबाई दर्शनाला खाली गेल्या. गुडघ्यांमुळं फ्रँकबाबा वरच थांबले. मी चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं बाबांकडं बघत विचारलं, "कुठचे हो हे?"

"एक अमेरिकेचे, एक आयर्लंडच्या."

"नवरा-बायको व्हय?"

"मावसभाऊ-बहीण."

"मंग बोलून काहून नाही राह्यले?" (का बोलत नाहीयेत?)

"मला काय माहीत, बाबा."

"जमिनीचं असन," तो म्हणाला आणि माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, कोकणातून आलेला माणूस त्याच्या टपरीवर पहिल्यांदाच आला होता. या भागातली माणसं अशी उगाचच काहीतरी देतात, आणि मी बापडा दिवसभर विचार करत राहतो की कसं फेडू.

मॉराबाई वर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. फ्रँकबाबा लांब फोटो काढत होते. तेव्हा बाईंनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कदाचित मी परका होतो म्हणूनच सांगितलं असेल.

त्यांच्याकडं उत्तरेत पुष्कळ वर्षं गोळीबार आणि बॉम्ब चालले होते. काहींना ब्रिटनबरोबर राहायचं होतं, काहींना आयर्लंड एक करायचा होता, मधे ब्रिटिश फौज. दोन्हीकडं बंदूकवाल्या टोळ्या. जे आयरिश पिढ्यांपूर्वी अमेरिकेला गेले, त्यांची मुलंनातवंडं तिथल्या बारमध्ये शनिवारी जमायची, मायदेशाची गाणी म्हणायची आणि काउंटरवरचा डबा फिरायचा. डब्यावर लिहिलेलं असायचं, तुरुंगातल्यांच्या बायकामुलांसाठी. त्यातल्या पैशाच्या, आयर्लंड एक करू बघणाऱ्या टोळ्यांसाठी, बंदुका होतात हे सगळ्यांना ठाऊक. फ्रँकबाबा त्या डब्यात दर शनिवारी पैसे टाकायचे.

"माझा धाकटा भाऊ डॅनी पाव पोचवायचं काम करायचा," मॉराबाई म्हणाल्या. "दुकानाबाहेर आमच्याच बाजूच्यांनी ठेवलेला बॉम्ब वेळेआधी फुटला. सतरा वर्षांचा होता. फ्रँकच्या घरून शोकाचं कार्ड आलं, पण त्यात भावाचं नाव नव्हतं. 'तुमच्यावर आलेल्या दुःखद प्रसंगी' असं छापलेलं होतं. त्यानंतर आजपर्यंत फ्रँकनं डॅनीचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही."

 चहा थंड होत होता, तो त्यांच्याकडं सरकवला.

"मावशीला सगळं माहीत होतं. मरताना तिनं तांड्यावरच्या लोकांना सांगून ठेवलं, माझ्यावर दगड लावायचा असेल तर ही दोघं एकत्र येतील तेव्हाच लावा. नाही आली तर नको. तेव्हापासून ती तशीच नुसत्या मातीखाली आहे. मी पुन्हा यायच्या वयाची नाही. पण त्यानं डॅनीचं नाव घेतल्याशिवाय मी त्याच्याबरोबर त्या दगडाला हात लावणार नाही. आणि हे मी त्याला सांगणारही नाही. सांगून घेतलेलं नाव मला नको."

तर मंडळी, एवढं ओझं घेऊन मी गाडी सुरू केली. 

कळंबच्या पुढं भांडण फुटलंच. फ्रँकबाबा मागून म्हणाले, काय सुंदर मोकळा मुलूख आहे, अगदी आयर्लंडसारखा. मॉराबाई मागं न वळता म्हणाल्या, "तुला काय माहीत? तू तिथं पाऊल तरी ठेवलंयस का?"

"जायचं सारखं ठरत होतं."

"सगळं पाठवलंस, फ्रँक. पैसे पाठवलेस, गाणी पाठवलीस. स्वतः तेवढा आला नाहीस."

"आम्हाला सांगितलं होतं, मुलांच्या दुधासाठी."

"दूध लांबट लाकडी खोक्यांतून येत नाही."

 मी उगाच हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"आणि तुमच्या देशात अतिरेक्यांनी तशीच माणसं मारली तेव्हा," बाई पुन्हा म्हणाल्या, "तेव्हा घरावर झेंडा लावून तू पेपरात पत्र लिहिलंस. अशा लोकांना एक पैसाही देणारा निर्दोष नाही, त्यालाही पकडा, असं. मला कात्रण मिळालं. मला वाक्य इतकं आवडलं! तू जाऊन स्वतःला पकडून कधी देतोस त्याची मी वाटच बघत होते."

आता मला हसू आलं आणि ते दाबताना खोकला आला. पण फ्रँकबाबा चिडले. "आणि तुमच्या गल्लीनं काय केलं? माळ्यावर लपवत होतात त्या बंदूकवाल्यांना. तुझे वडील आमच्या टेबलाशी बसून तीच गाणी म्हणून गेलेत. तुम्ही दार उघडायचात, आम्ही पैसे द्यायचो. स्वच्छ कोण आहे त्यात?"

"दार आम्ही भीतीनं उघडायचो. तुला तिथं कुणाची भीती होती?"

 खरं सांगू, बाजू बाईंचीच बरोबर वाटत होती, पण आरशात बाबांचं तोंड बघून त्यांचंही वाईट वाटलं. आयर्लंडहून तिकडं गेलेली त्यांची आई म्हणे दर रविवारी मायदेशाच्या नावानं रडायची. जो माणूस घरापासून लांब असतो त्याला घर जास्त दुखतं. त्या दुखण्यावर औषध म्हणून ते डब्यात पैसे टाकत असणार. औषध आपण घ्यायचं आणि ते दुसऱ्यालाच बाधायचं, असा प्रकार.

यवतमाळला जेवायला थांबलो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि सांभारवडी. इकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात, ती भरून तळलेली वळकटी. माशाशिवाय जेवण म्हणजे आपल्याला शिक्षा, पण ही वडी मी मासा म्हणून खाल्ली आणि पुन्हा मागितली. फ्रँकबाबांनी मिरचीचा ठेचा चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मॉराबाईंनी ताकाचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. नागपूर सोडल्यापासून त्यांना दिलेली ती पहिली वस्तू. मी मनात त्या ठेच्याचे आभार मानले.

आर्णी ओलांडली. कापसानं फुगलेले ट्रॅक्टर जिनिंगच्या (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) बाहेर रांगेत उभे, वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळींवर अडकलेला. पुढं डांबरी रस्ता सोडून तांड्याकडं जाणाऱ्या पांदणीला (शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला) वळलो. जरा गेलो आणि पुढचं चाक खडकन खाली गेलं. वाटेवर आडवा चर खणलेला होता. ताजी माती बाजूला रचलेली. गाडी एका बाजूला कलंडली. मालकाचं तोंड डोळ्यापुढं आलं. मी खाली उतरून चाकापाशी बसलो आणि खोटं कशाला सांगू, देवाचं नाव घेतलं.

देव आला तो ट्रॅक्टरवर बसून. डोक्याला रुमाल, तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण). "पाहून नाही चालवत का, भाऊ? एवढा मोठा चर दिसत नाही?"

"कुणी खणला हो हा?"

"मीनंच खणला. माह्या वावरातून (शेतातून) जाते ना पांदण. तांड्यावाल्याइच्या गाड्या बंद कराले खणला. तुमी कायले मधात आले?" असं म्हणत म्हणत त्यानं साखळी बांधली, ट्रॅक्टर रेटला आणि गाडी वर काढली. वर फावड्यानं माती ओढून चाकापुरता चर भरूनही दिला. "जा आता. तुमची गाडी वापस गेली का पुन्हा खणतो."

त्याचं नाव गुणवंतभाऊ, शेजारच्या गावचा. फ्रँकबाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. पैसे घेईना, म्हणून मी म्हटलं, चला तर चहाला. तो म्हणाला, चहा तर तांड्यावरच मिळेल, येतोच. आणि जिच्याशी भांडण होतं त्या वस्तीकडं आमच्यामागून ट्रॅक्टर घेऊन आला.

तांडा म्हणजे पूर्वी बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा लोकांची वस्ती. आता सगळे शेतकरी. घरांच्या मधे कडुनिंबाखाली बाजा (खाटा) टाकलेल्या, बाजूला दोन खोल्यांचा जुना दवाखाना, आणि त्याच्यामागं तुरीच्या बांधाला मातीचा एक उंचवटा, भोवती दगड रचलेले, स्वच्छ सारवलेला.

गाडीतून मॉराबाई उतरल्या आणि समोरून एक खूप म्हातारी बाई, हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची ओढणी, चालत आली. तिनं बाईंच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्यानं रडायला लागली. रडणं पण कसं, सुरात! एकेक ओळ वर न्यायची, खाली आणायची, मधे हुंदका. मी घाबरलो. म्हटलं, आत्ताच कुणी गेलं की काय.

तांड्याचे नाईक (प्रमुख) थावरू नाईक माझ्याजवळ होते. म्हणाले, "भिऊ नका. सोनकीबाई रडून नाही राह्यली, भेटून राह्यली. आमच्यात जवळचं माणूस लय दिसानं आलं का बाया अशाच भेटतात. जे गेले त्याइचं नाव घेऊन रडतात. शिष्टरयाडीसंग हिनं जिंदगी काढली." शिष्टर म्हणजे ती नर्समावशी, आणि याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

सोनकीबाईंनी मधेच थांबून बाईंचा चेहरा हातात धरला आणि काहीतरी विचारलं. नाईकांनी मला सांगितलं, मी इंग्रजीत आणलं, "तुमचं कोण गेलं, विचारतायत. नाव घालायचंय."

 मॉराबाई हळूच म्हणाल्या, "डॅनी."

सोनकीबाईंनी ते नाव उचललं आणि सुरात घातलं. "ये डेनी, मारो (माझा) डेनी..." त्यांच्या नातवाचं असावं तसं. मॉराबाईंना एकदम रडू कोसळलं, खांद्यावर डोकं टाकून त्याही मोठ्यानं रडल्या, बेसूर, पण रडल्या. फ्रँकबाबा गाडीच्या दाराला धरून उभे होते. टोपी हातात. तांड्यातली म्हातारी ज्याचं नाव गात होती ते नाव त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. ओठ हलले तेवढे. मी बाईंकडं बघितलं. त्यांनीही ते बघितलं होतं.

मग बाजांवर बसलो, गळवाणी (गूळ आणि कणकेचं पातळ गोड पेय) आली, मागून चहा. आपल्याकडच्या पेजेत गूळ घालावा तसं काहीसं लागतं. गुणवंतभाऊ पण मांडी घालून बसले, बशीत चहा ओतून. थावरू नाईकांनी त्यांच्याकडं बघत मला सांगायला सुरुवात केली, "या माणसानं आमची पांदण खणली. कापसाच्या गाड्या फिरून न्याव्या लागतात."

"माह्या आज्याची जमीन हाय ते," गुणवंतभाऊ फुरका मारत म्हणाले. "मोजणी आणा, बुजवून देतो."

"मोजणीवाला येते का लवकर?"

"नाही येत तं माह्या बापाचं काय जाते?"

"काय म्हणतायत?" फ्रँकबाबांनी मला विचारलं. मी सरळ माणूस, सरळ सांगितलं: कुणी तरी यांची वाट खणून बंद केलीय, कापूस न्यायला त्रास होतोय. कुणी ते नाही सांगितलं. बाजूलाच बसलाय, बरं दिसत नव्हतं.

फ्रँकबाबांचं तोंड आणखी लाल झालं. त्यांच्या वडिलांकडच्या पणजोबांची जमीनही अशीच कुणी हिसकावली होती म्हणे, म्हणूनच ते पणजोबा अमेरिकेला गेले. सोनकीबाईंच्या रडण्यानं ते आतून हललेले होतेच. ते उठून उभे राहिले, खिशातून पाकीट काढलं आणि गरजले, "यांना सांग! मागं हटू नका. नागपूरचा चांगल्यातला चांगला वकील लावा. तो बदमाश कोण असेल तो असो, त्याला सोडू नका. लागेल ते मी बॉस्टनहून पाठवीन. मी तुमच्या बाजूनं आहे!"

मी काय करू? जमेल तेवढं पातळ करून मराठीत सांगितलं.

 गुणवंतभाऊंनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "अन् मले? मले काही नाही देत का साहेब? दोघाइले देलं तं बरोबरीचा सामना होईन."

असा हशा पिकला की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. मॉराबाई माझी बाही ओढत होत्या, काय झालं, काय झालं. मी कानात सांगितलं, ज्याचा हात गदागदा हलवला तोच तो बदमाश. त्यांनी आधी गुणवंतभाऊंकडं बघितलं, मग उघड्या पाकिटाकडं, आणि त्या इतक्या हसल्या की बाज धरावी लागली. "तेच! अगदी तेच पाकीट!" असं म्हणत डोळे पुसत होत्या. पुसत होत्या त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, मला सांगता येणार नाही.

थावरू नाईक मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांना हाताला धरून खाली बसवलं. "साहेबाले सांगा, पाकीट ठेवा जी. विहिरीले द्या, लग्नाले द्या, शाळेले द्या, घेतो. भांडणाची वर्गणी आमच्या तांड्यात घेत नाही. बाहेरच्याची तं नाहीच नाही."

"का?" बाबांनी विचारलं.

"आमचे पोट्टे (पोरं) पुण्याले, मुंबईले कामाले गेलते. अथी (इथं) गायरानावरून दुसऱ्या गावासंग वाद लागला. पोट्ट्याइनं तिथून वर्गणी काढून पैसे पाठोले. फोनवर सांगे, हटू नका, आमी हावो ना. ते तिथं होते, आमी इथं होतो. आमचं तं मिटत आलतं, पण पैसे आले म्हणून जोर आला. माह्या भावाचं डोकं फुटलं, डोळा गेला. अन् होळीले हे पोट्टे नवे कपडे घालून नाचाले आले."

"मग?"

"मंग नसाब (तांड्याची न्यायसभा) बसली. ठरलं असं का ज्यानं ज्यानं पैसे पाठोले, त्यानं माह्या भावाच्या घरी पाणी भरायचं. स्वतःच्या हातानं, माणूस लावून नाही. अन् भरता भरता त्याच्या तोंडावर सांगायचं, मी किती वेळा पाठोले अन् कायले पाठोले. तेव्हापासून आमी असे पैसे घेतच नाही."

"किती दिवस भरायचं?"

"घरचा माणूस 'पुरे' म्हणते तवरोक (तोवर)."

मी हे सगळं वाक्यावाक्यानं सांगत गेलो. माझं इंग्रजी एवढं कधीच कामाला लागलं नव्हतं, शब्द चुकेल म्हणून जीव मुठीत होता. फ्रँकबाबांनी पाकीट खिशात घातलं. त्यानंतर त्यांनी भाकरी खाल्ली, वांगं खाल्लं, ठेच्याला हात लावला नाही, आणि मुक्काम तांड्यावरच होता म्हणून लवकर बाजेवर आडवे झाले.

सकाळी तुरीवर दव होतं. गवंडी येऊन बसला होता. काळा दगड केव्हापासूनचा घडवून दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. गुणवंतभाऊ ट्रॅक्टरमधून वाळू घेऊन आले, आपलाच चर आपणच बुजवत. सिमेंट कालवायला पाणी हवं होतं. हातपंप तांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बायका घागरी घेऊन निघाल्या तोच समोरून फ्रँकबाबा येताना दिसले. हातात निळी प्लॅस्टिकची बादली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, अर्धं पाणी वाटेवर. मी धावलो, म्हटलं, सर, द्या इकडं. तुमचे गुडघे! पडलात तर मी मालकाला काय सांगू?

"माणूस लावून चालत नाही," ते म्हणाले.

बादली त्यांनी मॉराबाईंच्या पायाशी ठेवली. धाप लागली होती. तसेच उभे राहून म्हणाले, "डॅनी पाव पोचवायला गेला होता. बातमी आमच्याकडं आली ती मंगळवारी. आणि त्या शनिवारी मी बारमध्ये गेलो, मॉरा. डबा आला आणि मी त्यात पैसे टाकले. डॅनी गेल्याचं माहीत असताना. नेहमीपेक्षा जास्त टाकले. पैसे टाकणं थांबवलं असतं तर डॅनी कशानं गेला ते स्वतःला सांगावं लागलं असतं."

 तांड्यावर कुणाला इंग्रजी येत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. सोनकीबाईंनी तोंडावर ओढणी घेतली.

मॉराबाईंनी वाकून बादलीत बघितलं. मग म्हणाल्या, "यात अर्धंच पाणी आहे. आणखी लागेल."

बाबा वळले आणि पुन्हा निघाले. असे ते किती वेळा गेले-आले मी मोजलं नाही. मधे गुणवंतभाऊ न राहवून ओरडले, "साहेब, बादली डाव्या हातात घ्या, डाव्या!" आणि बाबांनी, न कळताच, हात बदलला. दगड उभा करायची वेळ आली तेव्हा एका बाजूनं बाईंनी धरला, दुसऱ्या बाजूनं बाबांनी, मधून गवंड्यानं आणि मी. मीही हात लावला, कारण नाईक म्हणाले, "तुमी पण लावा, भाऊ, तुमीच आणलं त्याइले."  एवढा मान मला आपल्या गावात कुणी दिला नाही, रागावू नका.

परतताना पांदण साफ होती. गुणवंतभाऊंनी वळणापर्यंत पोचवलं आणि आम्ही डांबरीवर लागलो तसं मी मागं वळून बघितलं, तर ते फावडं घेऊन पुन्हा चराकडं निघाले होते! नाईक बांधावर उभे राहून त्यांना शिव्या देत होते आणि हसत होते. ते भांडण त्या दोघांचंच आहे. मिटलं तर तेच मिटवतील.

वाटेत मी बराच विचार केला. आपल्या गावातून किती माणसं बाहेर आहेत, मुंबईत, गोव्यात, आखातात, आणि माझ्यासारखी कुठंतरी आडबाजूला. गावात काही खुट्ट झालं की सगळ्यांचे फोन भराभरा वाजतात. प्रत्येकाला वाटतं आपण काहीतरी पाठवावं. माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे, देवळाच्या रंगाला, शाळेच्या पत्र्याला हक्कानं मागा, होईल तेवढं पाठवीन. पण गावात कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर मला कळवा, पैसे मागू नका. मी गाडीत बसून येतो.

नागपूरला पोचलो तर फ्रँकबाबा म्हणाले, माझ्या तिकिटाचं बघ जरा. बॉस्टनचं बदलून बेलफास्टचं करायचं होतं. काउंटरवरच्या मुलीशी मी माझ्या इंग्रजीत बोललो, ती तिच्या हिंदीत बोलली, दोनदा चुकीचं शहर छापलं गेलं, मला घाम फुटला, पण झालं. मी धावत येऊन मॉराबाईंना सांगितलं, "म्हणजे तुम्ही त्यांना माफ केलंत!"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं जसं मास्तरीण बघते.

"माफ? सदा, मी फक्त अजून 'पुरे' म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि फ्रँकबाबांकडं वळल्या. "आमची गल्ली चढाची आहे. जाड तळव्यांचे बूट घे."